जाफनाला रसद ते जाफनावर चढाई: भारत श्रीलंकेच्या यादवीत का उतरला?

४ जून १९८७च्या दुपारी भारतीय हवाई दलाची पाच एएन-३२ मालवाहू विमानं बंगळूरहून उडाली आणि जाफना द्वीपकल्पावर पोचली. संरक्षणाला मिराज-२००० लढाऊ विमानं होती. दिल्लीतल्या श्रीलंकेच्या उच्चायुक्तांना बोलावून हे कळवण्यात आलं होतं, पण परवानगी मागितली नव्हती. श्रीलंकेच्या लष्कराने नाकेबंदी केलेल्या तमिळ भागात सुमारे २५ टन अन्नधान्य आणि औषधं पॅराशूटने सोडून विमानं परतली.

त्याच वर्षी १० ऑक्टोबरला भारतीय लष्कराने त्याच जाफनावर चढाई सुरू केली. समोर लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम ही संघटना होती. तिच्या अनेक लढवय्यांना शस्त्रं चालवायला भारतातच शिकवलं गेलं होतं.

मधले महिने फक्त चार. एखादं सरकार दुसऱ्या देशाच्या यादवी युद्धात का उतरतं, या प्रश्नाचा अभ्यास करायला याहून चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही, कारण इथे हेतू एक नव्हता आणि जे होते ते एकमेकांच्या आड येत होते. माझं म्हणणं असं आहे. दिल्लीला एकाच वेळी दोन गोष्टी टाळायच्या होत्या: श्रीलंकेत वेगळा तमिळ देश होणं, आणि श्रीलंका सरकारने भारताला डावलून बाहेरच्या सत्तांच्या आधाराने हे युद्ध जिंकणं. त्यासाठी तमिळ सशस्त्र गट कोलंबोला जेरीस आणण्याइतके बळकट हवे होते, पण दिल्लीचं ऐकावं लागेल इतके दुबळेही हवे होते. हा तोल १९८६मध्येच बिघडला होता. १९८७चा करार आणि त्यामागून गेलेलं सैन्य हा तो तोल स्वतःच्या हाताने धरून ठेवण्याचा प्रयत्न होता.

बेटावरचं भांडण

श्रीलंकेत १९८१च्या जनगणनेनुसार सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणि चहाच्या मळ्यांवर ब्रिटिशांनी नेलेले भारतीय वंशाचे तमिळ साडेपाच टक्के होते. १९४८च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरच्या लाखो तमिळांचं नागरिकत्व हिरावलं. १९५६मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५७ आणि १९६५ साली तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी झालेले समझोते कोलंबोच्या सरकारांनी सिंहली विरोधापुढे मान तुकवून गुंडाळून ठेवले. १९७६मध्ये वड्डुकोड्डै इथे तमिळ पक्षांनी स्वतंत्र ईलमचा, म्हणजे वेगळ्या तमिळ देशाचा, ठराव केला. सनदशीर मार्गाने चालणाऱ्या पिढीच्या हाती काही लागलं नाही, आणि पुढच्या पिढीने बंदूक उचलली.

२३ जुलै १९८३ रोजी टायगर्सनी जाफनात तेरा सैनिक मारले. त्यानंतरच्या आठवड्यात कोलंबोसह ठिकठिकाणी तमिळांची कत्तल झाली. जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या, तमिळ घरं आणि दुकानं वेचून जाळली गेली. वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. मृतांचे आकडे सरकारी हिशेबाने चारशेच्या घरात, इतर अंदाजांनुसार तीन हजारांपर्यंत. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सरकारने त्यानंतर घटनादुरुस्ती करून फुटीरतेचा पुरस्कार बेकायदा ठरवला. नेमस्त तमिळ खासदारांनी तशी शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यांच्या जागा गेल्या. दिल्लीला बोलणी करायला जे सनदशीर तमिळ नेते उरले होते, त्यांच्या पायाखालची जमीनच कोलंबोने काढून घेतली.

इंदिरा गांधींनी परराष्ट्रमंत्री नरसिंह राव यांना लगेच कोलंबोला धाडलं, मग जी. पार्थसारथी यांना मध्यस्थ नेमलं. ही उघड बाजू. त्याच काळात भारताच्या गुप्तचर यंत्रणेने, म्हणजे रॉने, तमिळ गटांना शस्त्रप्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. उत्तर भारतात आणि तमिळनाडूत छावण्या उघडल्या. टायगर्स, टेलो, ईपीआरएलएफ, प्लोट, ईरोस असे पाच मुख्य गट. एकाच गटाला सगळं द्यायचं नाही, सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं, म्हणजे कुणी डोईजड होणार नाही, अशी ही मांडणी होती.

दिल्लीच्या मनात काय होतं

पहिला हेतू घरातला होता. धनुष्कोडीपासून तलैमन्नार सुमारे तीस किलोमीटर. १९८३नंतर निर्वासितांच्या होड्या रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या आणि १९८७पर्यंत तमिळनाडूत आलेल्यांची संख्या लाखावर गेली. राज्याचे मुख्यमंत्री एमजीआर यांचा पाठिंबा टायगर्सना होता, त्यांचे प्रतिस्पर्धी करुणानिधी यांचा कल टेलोकडे. दोघांच्या चढाओढीत ईलमचा प्रश्न हा राज्याच्या राजकारणाचा मुख्य प्रश्न झाला. इथे हे विसरून चालणार नाही की द्रविड चळवळीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वेगळ्या द्रविडनाडूची मागणी केली होती. अण्णादुराईंनी ती १९६३मध्ये सोडली. त्याला १९८३मध्ये वीसच वर्षं झाली होती, आणि पंजाब पेटत होता. तमिळ मारले जात असताना दिल्ली हातावर हात ठेवून बसली, तर मद्रासमध्ये जुनी भावना पुन्हा जागी होईल, ही भीती खरी होती. आणि ईलम झालाच, तर त्याचं उदाहरण पंजाब, आसाम, मिझोराम इथे दिलं जाईल, ही भीतीही तेवढीच खरी होती. म्हणजे एकाच घरगुती कारणातून दोन उलट सूचना निघत होत्या: तमिळांना मदत करा, आणि त्यांना जिंकू देऊ नका.

दुसरा हेतू समुद्राचा. १९७१च्या युद्धाआधी पाकिस्तानची विमानं पूर्व पाकिस्तानकडे जाताना कोलंबोत इंधन भरत होती. ही गोष्ट दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या मनातून गेली नव्हती. त्याच १९७१मध्ये जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेच्या पहिल्या बंडाच्या वेळी श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी मदत मागितली, तेव्हा भारताने हेलिकॉप्टरं आणि विमानतळाच्या रक्षणासाठी जवान पाठवले होते. थोडक्यात, शेजारी अडचणीत आला तर त्याने आधी दिल्लीकडे यावं, हा संकेत होता. जयवर्धने यांनी तो मोडला. १९८३नंतर त्यांनी मदतीसाठी अमेरिका, ब्रिटन, पाकिस्तान, चीन सगळीकडे हात पसरले. अमेरिकी वकिलातीत इस्रायलची कचेरी उघडली आणि इस्रायली प्रशिक्षक आले. ब्रिटिश विशेष दलांतून निवृत्त झालेल्यांची एक खासगी कंपनी श्रीलंकेच्या पोलीस कमांडोंना तयार करू लागली. शस्त्रं चीन आणि पाकिस्तानकडून आली. व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या प्रक्षेपण केंद्राला वाढीव सवलती मिळाल्या. आणि त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांसाठी परदेशी कंपन्यांशी व्यवहार चालू झाला. त्रिंकोमाली हे जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. ब्रिटिशांच्या काळात बांधलेल्या ९९ तेलटाक्या तिथे होत्या. शीतयुद्ध जोरात, पाकिस्तान अमेरिकेच्या बाजूने अफगाण युद्धात, अशा वेळी दक्षिणेच्या टोकाला तशीच व्यवस्था होईल, असं दिल्लीला वाटू लागलं.

ही भीती कितपत साधार होती? मला ती अर्धीच पटते. प्रशिक्षक, शस्त्रं, करार हे सगळं घडलं होतं, त्यात कल्पना काही नव्हती. पण अमेरिकेला त्रिंकोमालीत आरमारी तळ हवा होता, याचा ठोस पुरावा नाही. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा तळ त्यांच्याकडे होताच. जयवर्धनेंना युद्ध लढायला हत्यारं हवी होती, आणि जो देईल त्याच्याकडून ते घेत होते. दिल्लीने त्यात एक आखलेला घेराव पाहिला. हेतू समजून घेताना मात्र भीती खरी होती की खोटी, यापेक्षा ती बाळगणाऱ्याने तिच्यावर कृती केली की नाही हे महत्त्वाचं, आणि दिल्लीने केली. १९८५ ते १९८९ कोलंबोत उच्चायुक्त असलेले जे. एन. दीक्षित यांनी पुढे आपल्या आठवणींत हीच दोन कारणं, म्हणजे जयवर्धनेंचे बाहेरचे संबंध आणि तमिळनाडूतल्या फुटीरतेची धास्ती, इंदिरा गांधींच्या धोरणामागे होती असं मोकळेपणाने मांडलं.

तिसरा हेतू माणुसकीचा. तो नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेलिकडाच्या बातम्या वाचून भारतात खरोखरचा संताप होता, संसदेतही आणि बाहेरही. पण तो निर्णायक होता का, ते पुढे तपासू.

तोल बिघडला

जुलै-ऑगस्ट १९८५मध्ये भूतानची राजधानी थिंफू इथे भारताने सगळ्या गटांना आणि श्रीलंका सरकारला समोरासमोर बसवलं. बोलणी फिसकटली. नोव्हेंबर १९८६मध्ये बंगळूरच्या सार्क परिषदेच्या निमित्ताने टायगर्सचे नेते प्रभाकरन यांना तिथे नेऊन पुन्हा प्रयत्न झाला, तोही फुकट गेला.

या दोन बैठकींच्या मध्ये जे घडलं ते माझ्या मते या प्रकरणाचा कणा आहे, आणि आपल्याकडच्या चर्चांत त्याचा उल्लेख फार कमी येतो. एप्रिल-मे १९८६मध्ये टायगर्सनी टेलोवर हल्ला करून तिचा नेता श्री सबारत्नम याच्यासह शेकडो लढवय्ये मारले. वर्षअखेरीला ईपीआरएलएफची गत तीच झाली. पाच गटांचा मुद्दाम राखलेला पसारा संपला आणि मैदानात एकच संघटना उरली. ती नेमकी दिल्लीवर सर्वांत कमी अवलंबून होती. तिच्याकडे परदेशस्थ तमिळांचा पैसा होता, स्वतःची जहाजं होती, आणि एमजीआर यांचा हात होता.

दिल्ली आणि मद्रास यांचीही एकवाक्यता नव्हती. नोव्हेंबर १९८६मध्ये तमिळनाडू पोलिसांनी गटांची हत्यारं आणि टायगर्सची बिनतारी यंत्रं जप्त केली, प्रभाकरन उपोषणाला बसले आणि यंत्रं परत मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये एमजीआर यांनी राज्याच्या तिजोरीतून टायगर्सना कोट्यवधींची मदत उघडपणे जाहीर केली. एका सार्वभौम देशाशी लढणाऱ्या संघटनेला भारतातलं एक राज्य सरकार पैसे देतं आणि केंद्र ते थांबवू शकत नाही, यावरून दिल्लीच्या हाती किती लगाम उरला होता ते दिसतं.

प्रभाकरन जानेवारी १९८७मध्ये जाफनाला परतले. टायगर्सनी नागरी कारभार आपल्या हातात घेण्याची घोषणा केली, सरकारने इंधनबंदी घातली. एप्रिलमध्ये बसमधल्या सिंहली प्रवाशांची कत्तल झाली आणि काही दिवसांत कोलंबोच्या पेट्टा बसस्थानकावर बॉम्ब फुटून शंभरावर माणसं गेली. मे महिन्याच्या अखेरीला श्रीलंकेच्या लष्कराने जाफनाच्या वडमराच्चि भागावर मोहीम उघडली आणि ती यशस्वी होऊ लागली. आता जाफना शहर पडणार, हे दिसत होतं.

भारताने हस्तक्षेप केला तो या क्षणी. चार वर्षं कत्तली, निर्वासित, फिसकटलेली बोलणी चालू असताना विमानं गेली नव्हती. श्रीलंकेचं लष्कर जिंकायच्या बेतात आलं तेव्हा गेली. आधी ३ जूनला रेडक्रॉसचे झेंडे लावलेल्या मच्छीमार बोटी मदत घेऊन निघाल्या, त्यांना श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवलं. दुसऱ्याच दिवशी मिराजच्या संरक्षणात विमानं. एवढ्या लोकसंख्येला २५ टन धान्य किती दिवस पुरणार? संदेश धान्याचा नव्हता, तो जयवर्धनेंना होता: जाफना लष्कराच्या बळावर घेता येणार नाही.

काही जण म्हणतात की बोफोर्सवरून लक्ष उडवायला हे केलं. स्वीडिश रेडिओची बातमी १६ एप्रिल १९८७ची, व्ही. पी. सिंह यांचा राजीनामाही त्याच महिन्यातला, त्यामुळे काळ जुळतो. पंजाब, आसाम, मिझोराम असे ओळीने करार केलेल्या तरुण पंतप्रधानाला आणखी एक करार हवाहवासा वाटला असेल, हेही मी मान्य करतो. पण घाई जाफनाच्या रणांगणाने केली होती. बोफोर्स नसतं तरी वडमराच्चिनंतर दिल्ली गप्प बसली नसती.

२९ जुलैची पत्रं

राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करारावर सह्या केल्या. करारात श्रीलंकेची एकता मान्य केली होती. उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करायचे होते आणि ते तसेच ठेवायचे का, याबद्दल पूर्वेत १९८८अखेर सार्वमत घ्यायचं होतं. प्रांतांना अधिकार, तमिळला राजभाषेचा दर्जा, ४८ तासांत शस्त्रसंधी, आणि त्यानंतर ७२ तासांत गटांनी शस्त्रं खाली ठेवणं, ही बाकीची कलमं. अंमलबजावणीची हमी भारताची. शस्त्रसंधी राखायला राष्ट्राध्यक्ष भारतीय सैन्याला बोलावू शकतील, असं परिशिष्टात लिहिलेलं होतं.

करारासोबत दोन्ही नेत्यांनी एकमेकांना पत्रं दिली. सरकारचा हेतू शोधायचा तर भाषणांपेक्षा अशी पत्रं वाचावीत, असं मला वाटतं, कारण भाषण जनतेसाठी असतं आणि पत्रात जे मागायचं ते मागितलेलं असतं. राजीव गांधींच्या पत्रात तमिळांच्या हक्कांचा विषय नाही. त्यात श्रीलंकेने कबूल केलेल्या गोष्टी आहेत. परदेशी लष्करी आणि गुप्तचर माणसांच्या नेमणुकीबद्दल दोन्ही देश लवकरच एकमत करतील, म्हणजे त्यांचा भारत-श्रीलंका संबंधांना उपद्रव होणार नाही. त्रिंकोमाली किंवा दुसरं कोणतंही बंदर भारताच्या हिताला बाधक होईल अशा तऱ्हेने कुठल्याही देशाला लष्करी वापरासाठी मिळणार नाही. त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांची दुरुस्ती आणि वापर भारत आणि श्रीलंका मिळून करतील. परदेशी प्रक्षेपण संस्थांचे करार तपासले जातील, म्हणजे त्यांची केंद्रं लष्करी वा गुप्तचर कामासाठी वापरली जाणार नाहीत. प्रशिक्षक, बंदर, टाक्या, रेडिओ: १९८३पासूनची दिल्लीची सगळी गाऱ्हाणी एका पत्रात, जवळपास त्याच क्रमाने. बदल्यात भारताने आपल्या भूमीवरून श्रीलंकेविरुद्ध काही चालू देणार नाही असं वचन दिलं.

करारावर सह्या दोनच, दोन सरकारांच्या. ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची होती त्यांची सही नव्हती. प्रभाकरनना दिल्लीला आणून अशोका हॉटेलमध्ये ठेवलं, कराराचा मसुदा दाखवला, होकार मिळवायचा प्रयत्न केला. ते राजी नव्हते. दिल्लीने गृहीत धरलं की पुढे राजी होतील, कारण आतापर्यंत सगळे गट शेवटी दिल्लीचं ऐकत आले होते. १९८६मध्ये काय बदललं होतं, हे दिल्लीने लक्षात घेतलं नाही.

जयवर्धने यांचा हिशेब

यजमानाचा हेतूही इथे पाहायला हवा, नाहीतर प्रकरण अपुरं राहील. जयवर्धने यांच्या मंत्रिमंडळात फूट होती. पंतप्रधान प्रेमदासा सहीच्या समारंभाला आले नाहीत. दक्षिणेत जेव्हीपीने कराराविरुद्ध रान पेटवलं. ३० जुलैला मानवंदनेच्या वेळी एका सिंहली नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला आणि घाव त्यांच्या खांद्याजवळ बसला. जयवर्धनेंना राजधानी आणि दक्षिण सांभाळायला सैन्य हवं होतं, आणि ते जाफनात अडकलेलं होतं. भारतीय विमानं शांतिसैनिक घेऊन जाफनाजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरली आणि श्रीलंकेचे जवान दक्षिणेकडे नेऊ लागली. उत्तरेतलं सगळ्यांत अवघड काम, टायगर्सकडून शस्त्रं काढून घेण्याचं, भारताच्या गळ्यात पडलं. त्या वयोवृद्ध राजकारण्याने दिल्लीच्या मागण्या पत्रात लिहून दिल्या आणि आपलं युद्ध तिच्या हवाली केलं. या करारात नेमकं कोणी कोणाला गुंतवलं, असं विचाराल तर मी जयवर्धनेंचं नाव घेईन.

शांतिसेना युद्धात कशी गेली

सिकंदराबादची ५४वी इन्फंट्री डिव्हिजन मेजर जनरल हरकिरतसिंग यांच्या हुकुमाखाली गेली, तेव्हा तिला शस्त्रसंधीवर देखरेख करायची होती. लढाईची तयारी नव्हती. तोफा, रणगाडे, जाफनाच्या गल्ल्यांचे चांगले नकाशे, तमिळ बोलणारे पुरेसे लोक, यातलं फारसं काही सोबत नव्हतं. स्थानिक तमिळांनी सुरुवातीला जवानांना हार घातले.

४ ऑगस्टला सुदुमलै इथल्या सभेत प्रभाकरन यांनी भारताविरुद्ध हत्यार उचलायचं नाही असं सांगितलं, पण तमिळांचं रक्षण आता भारताची जबाबदारी, हेही सांगितलं. शस्त्रं परत आली ती थोडी आणि जुनी. १५ सप्टेंबरला टायगर्सचा तरुण नेता थिलीपन जाफनातल्या नल्लूरच्या मंदिराजवळ पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला आणि २६ तारखेला गेला. जाफनाचं मन भारतापासून तुटायला सुरुवात झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीलंकेच्या नौदलाने टायगर्सचे सतरा जण समुद्रात पकडले, त्यांत पुलेंद्रन आणि कुमारप्पा हे दोन मोठे नेते होते. कोलंबो त्यांना चौकशीसाठी नेण्यावर अडून बसलं. पलाली तळावर, भारतीय सैन्य शेजारी असताना, त्यांनी सायनाइड खाल्लं आणि बारा जण मेले. टायगर्सनी पूर्वेत सिंहली नागरिकांच्या कत्तली सुरू केल्या. करार टिकवायचा तर टायगर्सना मोडणं भाग आहे, असं दिल्लीने ठरवलं.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरं उतरू लागली. टायगर्सचं नेतृत्व तिथे सापडेल असा अंदाज होता. टायगर्स भारतीय बिनतारी संदेश ऐकत होते आणि दबा धरून बसले होते. आधी पॅरा कमांडो उतरले, पाठोपाठ १३ शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जण. मग गोळीबार इतका वाढला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. ते तीस जण मैदानावर एकटे पडले आणि दारूगोळा संपेपर्यंत लढले. एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. कमांडो एका घरात तग धरून राहिले, त्यांना नंतर सोडवण्यात आलं.

ऑक्टोबरअखेर जाफना ताब्यात आलं. त्याआधी २१ आणि २२ तारखेला जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मेली. टायगर्सनी तिथून गोळ्या झाडल्या, असं लष्कराचं म्हणणं होतं. वाचलेल्यांनी सांगितलेल्या हकिगती मात्र वाचवत नाहीत. ज्या लोकांच्या रक्षणासाठी आपण गेलो असं आपण म्हणत होतो, त्यांच्या इस्पितळात हे घडलं. भारताच्या लष्करी इतिहासात ते उघडपणे लिहिलं जायला हवं.

२५ नोव्हेंबरला कंदरोडै गावाजवळ ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. ते शत्रूच्या पाठीमागून गेले. हातघाईत छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं, शांतिसेनेतलं ते एकमेव. परमेश्वरन मुंबईत जन्मले, मुंबईत शिकले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही या मोहिमेत होत्या. तरीही महाराष्ट्रात या युद्धाची आठवण फारशी निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक डिव्हिजन पुरली नाही, चार लागल्या. जवानांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. सुमारे बाराशे जवान गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले. जानेवारी १९८९मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी भारताला निघून जायला सांगितलं, टायगर्सशी बोलणी केली आणि भारतीयांशी लढायला त्यांना शस्त्रंही पुरवली. दिल्लीत सरकार बदललं. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला टायगर्सच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींचा बळी घेतला.

हेतूंची पारख

माणुसकीचा हेतू निर्णायक होता का, याची परीक्षा इतिहासाने आपोआप घेतली आहे. १९९५मध्ये श्रीलंकेच्या लष्कराने जाफना खरोखर जिंकलं आणि लाखो तमिळ घरंदारं सोडून निघाले. भारताने विमानं पाठवली नाहीत. एप्रिल २०००मध्ये जाफनाच्या वाटेवरचा एलिफंट पासचा लष्करी तळ टायगर्सच्या हाती पडून श्रीलंकेचे हजारो सैनिक जाफनात कोंडले गेले, कोलंबोने मदत मागितली, आणि दिल्लीने लष्करी हस्तक्षेपाला नकार दिला. २००९च्या मे महिन्यात मुल्लिवैक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर हजारो नागरिक तोफांच्या माऱ्यात मेले, तेव्हाही भारत बाहेरच राहिला. मरणारे तेच तमिळ, समुद्र तेवढाच रुंद. बदलल्या होत्या दुसऱ्याच गोष्टी. शीतयुद्ध संपलं होतं. कोलंबो आता दिल्लीला विचारून चालत होतं. श्रीपेरुंबुदूरनंतर तमिळनाडूत टायगर्सबद्दलची सहानुभूती ओसरली होती. घरातला धाक आणि समुद्राचा धाक दोन्ही उरले नव्हते, उरली होती फक्त माणुसकी, आणि तेवढ्याने सैन्य हललं नाही.

म्हणून मी १९८७च्या निर्णयात समुद्राच्या हेतूला पहिलं स्थान देतो, तमिळनाडूच्या राजकारणाला दुसरं. कोणी क्रम उलटा लावील, आणि त्यालाही आधार आहे, कारण एमजीआर यांचा पाठिंबा नसता तर राजीव गांधींना करार करणं अवघड झालं असतं. तमिळांच्या हक्कांचा हेतू तिसरा. तो खोटा नव्हता. तेरावी घटनादुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा नोव्हेंबर १९८७मध्ये आल्या त्या भारताच्या दबावामुळेच, आणि आजवर श्रीलंकेतल्या तमिळांना घटनेतून मिळालेलं एवढंच सत्तेचं वाटप आहे.

त्या पत्रातली तेलटाक्यांची ओळ प्रत्यक्षात यायला पस्तीस वर्षं लागली. ९९पैकी ६१ टाक्यांसाठी संयुक्त कंपनीचा करार जानेवारी २०२२मध्ये झाला. बंदरांचं कलम हंबनटोटापाशी अडलं. ते बंदर २०१७मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलं. करारातलं उत्तर आणि पूर्व यांचं एकत्रीकरण श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये अवैध ठरवलं, पूर्वेतलं सार्वमत कधी झालंच नाही. उत्तर प्रांताच्या परिषदेची शेवटची निवडणूक २०१३मध्ये झाली, मुदत २०१८मध्ये संपली, आणि तेव्हापासून तिथला कारभार कोलंबोने नेमलेले राज्यपाल पाहतात.